बलुत्यापासून हुद्द्यापर्यंत : किर्लोस्करांच्या कारखान्यातील कामांची नवी वाटणी

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड आहे. ज्या कारखान्यामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले तो कारखाना मात्र १९१० मध्येच येथून उठून गेला. रस्ता बेळगावला राहिला आणि उद्योग दुसऱ्या संस्थानात जाऊन बहरला, याची चुटपूट या गावाला अजून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र मराठी वाचकाला परिचित आहे ते लोखंडी नांगराची कथा म्हणून. जमीन विटाळते, नासते या समजुतीमुळे शेतकऱ्याने नाकारलेला नांगर आणि तो तयार करणाऱ्याची चिकाटी, या दोन गोष्टी शालेय पुस्तकांतूनही पोहोचल्या आहेत. परंतु त्या कारखान्यात नांगराबरोबर आणखी एक गोष्ट घडत होती. काम कोणी करावे, ते कोणाकडून शिकावे आणि त्या कामाला समाजात काय किंमत असावी, याची नवी रीत तेथे बसत होती. मोल्डर, टर्नर, फिटर, स्टोअरकीपर, फिरता विक्रेता ही नावे आज इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती एके काळी मराठी घरात अपरिचित होती हे सांगितल्यावाचून ध्यानात येत नाही. या नव्या कामांचा इतिहास हा नांगराच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे.

लिहिणारा आणि घडवणारा

जुन्या गावगाड्यात काम हे जन्माबरोबर येत असे. नांगर घडवायचा तो गावच्या सुताराने आणि फाळाला धार लावायची ती लोहाराने. त्याबद्दल खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळायचे. या व्यवस्थेत पोटाची हमी होती, कसबही पिढ्यान् पिढ्या जपले जात होते. पण काम निवडण्याची मोकळीक नव्हती. सुताराचा मुलगा सुतार आणि लोहाराचा मुलगा लोहार, हा नियम मोडण्याचे कारणही कोणाला दिसत नव्हते.

इंग्रजी अमदानीत शाळा निघाल्या आणि नोकरी नावाची नवी वाट दिसू लागली. ही वाट बव्हंशी कचेरीकडे जाणारी होती. कारकून, शिक्षक, वकील, मामलेदार अशी तिची मुक्कामाची ठिकाणे होती. तांत्रिक शिक्षणाचीही सोय झाली नव्हती असे नाही. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी शिक्षणाचा पहिला हेतू बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्याचा होता. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या कल्पकतेतून १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. तरीही समाजातली मूळ फट तशीच राहिली. ज्याला लिहिता येत होते तो हत्यार धरत नव्हता, आणि ज्याच्या हाती हत्यार होते त्याला लिहिण्यावाचण्याची संधी नव्हती. यंत्रोद्योगाला हे दोन्ही गुण एकाच माणसात, निदान एकाच छपराखाली, हवे असतात. ती जुळणी करणारा माणूस बेळगाव जिल्ह्यातूनच पुढे आला.

चित्रकलेचा मास्तर

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. मराठी रंगभूमीला 'संगीत शाकुंतल' आणि मराठी शेतीला लोखंडी नांगर देणारी माणसे एकाच लहानशा गावाने दिली, ही सीमाभागाला भूषणावह अशी गोष्ट आहे.

लक्ष्मणरावांचा ओढा शाळेच्या अभ्यासापेक्षा चित्रांकडे आणि यंत्रांकडे अधिक. १८८५ मध्ये ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष असल्याचे तेथे उघडकीस आले आणि चित्रकार होण्याची आशा सोडावी लागली. त्यांनी यांत्रिक रेखन हा विषय धरला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत रेखनाचे शिक्षक म्हणून नोकरी पत्करली. शिकवण्याचे तास संपले की संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे हाताळायची, हा त्यांचा खरा अभ्यास होता. दरम्यान बेळगावात बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचा व्यवहार सुरू झाला होता. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ हा मानतात तो याच दुकानावरून. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे, अशी ही विभागणी होती. वस्तूबरोबर ती वापरण्याचे शिक्षण देणे, हा पुढच्या साऱ्या विक्रीचा पहिला धडा येथेच गिरवला गेला.

१८९७ मध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. त्या काळी चालती मास्तरकी सोडून दुकान आणि कर्मशाळा सांभाळणे म्हणजे सुशिक्षितांच्या नजरेने उतरणीचाच मार्ग होता. या कर्मशाळेत कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

फाळामागचे हात

नांगराचा फाळ पाहणाऱ्याला लोखंडाचा एक तुकडा दिसतो. तो ओतून काढायचा तर किती निरनिराळी कामे लागतात, हे ओतशाळेचा क्रम समजून घेतला म्हणजे कळते.

प्रथम लागतो नकाशा काढणारा. लाकडी नांगराचे माप सुताराच्या हातात आणि डोळ्यांत असे. प्रत्येक नांगर थोडा निराळा निघाला तरी बिघडत नसे. कारखान्याच्या नांगराचा मोडलेला भाग बदलायचा तर नवा भाग तंतोतंत तसाच असावा लागतो. म्हणून माप माणसाच्या हातातून कागदावर यावे लागते. रेखनाच्या मास्तराने कारखाना काढला यात योगायोगाचा भाग कमीच म्हटला पाहिजे, कारण नकाशा हीच कारखान्याची सामाईक भाषा असते.

नकाशावरून लाकडाचा नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. हे काम मुळात सुताराचे. पण त्याला एक नवे गणित शिकावे लागते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थिजताना आकसते. साधारणपणे फुटामागे एक अष्टमांश इंच. तेव्हा नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि वाळूतून तो अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतारही ठेवावा लागतो. लोखंडी नांगराने गावच्या सुताराचे एक काम हिरावले हे खरे. पण त्या नांगराचा पहिला आकार लाकडातच, सुताराच्याच कसबाने घडवावा लागतो, हेही तितकेच खरे.

त्यानंतर येतो मोल्डर, म्हणजे साचा भरणारा. वाळूत चिकणमाती किती, पाणी किती, ती किती ठोकायची, वायू बाहेर पडायला भोके कोठे ठेवायची, हे सारे त्याच्या अंदाजावर. ओल जास्त झाली तर तप्त रसाची वाफ कोंडून ओतकामात पोकळ्या राहतात. ठोकणे कमी पडले तर साचा ढासळतो. मुठीत वाळू दाबून तिचा गोळा मोडून पाहिला की अनुभवी मोल्डरला तिची लायकी कळते. हे ज्ञान पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तकातून हाताला येत नाही.

क्युपोला भट्टीवरच्या माणसाची जबाबदारी याहून निराळी. कोळसा, बिडाचे तुकडे आणि चुनखडी यांचे थर ठरलेल्या प्रमाणात भरायचे, भात्याचा वारा सांभाळायचा आणि साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला रस वेळेवर साच्यात पोहोचवायचा. येथे उशीर झाला तर साऱ्या दिवसाचे काम फुकट जाते आणि निष्काळजीपणा झाला तर माणूस भाजतो. फाळाची धार कठीण हवी असेल तर साच्यात त्या जागी लोखंडाचा तुकडा बसवून रस झटकन थिजवण्याची युक्ती असते. तीत रसाचे मिश्रण नेमके जाणणारा माणूस लागतो. पुढे ओतकाम घासून साफ करणारा, भोके पाडणारा, लेथवर कातणारा टर्नर, सुटे भाग जुळवणारा फिटर आणि रंग देणारा. यांच्या भोवती सामानाची नोंद ठेवणारा स्टोअरकीपर, हजेरी टिपणारा कारकून, हिशेबनीस आणि माल रेल्वेवर चढवणारा. यांतला एकही दुवा निखळला तर फाळ शेतापर्यंत पोहोचत नाही.

गावगाड्यात लोहार एकटाच वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत घडवत असे. तिच्यावर त्याची छाप असे. कारखान्याच्या फाळावर कोणा एकाची छाप नसते. ही हानी नाकारण्याचे कारण नाही. तिच्या बदल्यात मिळाले ते असे की, ही कामे कोणत्याही एका जातीची राहिली नाहीत. मोल्डर, टर्नर आणि फिटर या शब्दांना गावगाड्यात जागाच नव्हती, म्हणून त्यांना जातही नव्हती.

माळावरची माणसे

बेळगावची कर्मशाळा ज्या जागेवर होती ती नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले. १० मार्च १९१० रोजी निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखान्याचा संसार मांडला गेला. पुढे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

या माळावर शिकलेले तंत्रज्ञ येऊन राहण्याचा संभव फारच थोडा होता. लक्ष्मणरावांना हाताशी असलेल्या माणसांतूनच हुद्दे भरायचे होते, आणि येथेच त्यांचे वेगळेपण दिसते. बंधू रामूअण्णा यांच्याकडे वसाहतीची आखणी आणि कारभार आला. शंभोअण्णा जांभेकर यांनी यंत्रांची बाजू सांभाळली. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि मुख्य हिशेबनीस झाले. के. के. कुलकर्णी आणि अनंतराव फळणीकर हे दोघेही शाळेच्या परीक्षांत न चमकलेले. त्यांपैकी कुलकर्णी व्यवस्थापक आणि फिरते प्रतिनिधी झाले. फळणीकर कल्पक यांत्रिक म्हणून नावाजले गेले. परीक्षेत नापास झालेला मुलगा हा त्या काळच्या पांढरपेशा घरात कलंक समजला जाई. किर्लोस्करवाडीत त्याची परीक्षा वस्तूवर होत होती.

रखवालीच्या कामावर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे होते. दोघेही तुरुंगवास भोगून आलेले. ज्यांच्या नावाने परिसर दचकत असे त्यांच्याच हाती कारखान्याच्या किल्ल्या देणे, हे धाडस लक्ष्मणरावांनी केले आणि त्या दोघांनी तो विश्वास राखला. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडकही त्यांनी घातला होता. मात्र इतिहासाकडे पाहताना भाबडेपणाही नसावा. रामोशाकडे रखवाली हे काम गावगाड्यातही होतेच. जुन्या व्यवस्थेने त्याला दिलेले आणि इंग्रजी राज्यात हिरावलेले काम कारखान्याने नव्या पगारावर परत दिले, असेही म्हणता येईल. हिशेबाची वही आणि नकाशाची पेटी बहुतेक लिहित्या घरांतल्या माणसांच्या हाती राहिली. जन्माची भिंत कारखान्याने एका फटक्यात पाडली नाही; तिला दारे पाडली. ती दारे किती रुंद होती याचा शोध घेणे हे पुढच्या अभ्यासकांचे काम आहे.

कारखाना आणि वाचक

वस्तू तयार करणे हे अर्धेच काम होते. हराळी आणि कुंद्याने व्यापलेली जमीन खोल नांगरून उलथली म्हणजे पीक सुधारते, हे शेतकऱ्याला शेतावर जाऊन दाखवावे लागे. त्यातून फिरत्या विक्रेत्याचा हुद्दा तयार झाला. या माणसाला नांगर जोडता यावा, चालवता यावा, बिघडला तर दुरुस्त करता यावा, आणि शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलताही यावे. कचेरीतल्या कारकुनाला यांतले काहीच करावे लागत नसे.

याच गरजेतून जाहिरात लिहिणारा आणि चित्रे काढणारा माणूस कारखान्याच्या पटावर आला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी पंडित सातवळेकरांजवळ चित्रकलेचे धडे घेतले होते. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. गिऱ्हाईक, विक्रेते आणि कामगार यांना कारखान्याची माहिती देणारे ते साधे पत्रक होते. पाहता पाहता त्याचे मासिक झाले, नावातला 'खबर' हा शब्द गळाला, आणि 'किर्लोस्कर'च्या जोडीला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके आली. मराठी ग्रंथालयांच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या ज्या मासिकांसाठी रांग लागत असे त्यांचा उगम ओतशाळेच्या शेजारी झाला, ही गोष्ट वाचकांनी विसरण्याजोगी नाही. लिहिणारा आणि घडवणारा यांच्यातली फट बुजवण्याचा तो सर्वांत यशस्वी प्रयत्न होता.

'स्त्री' मासिकाने घराघरांत नवे विचार नेले. कारखान्यातल्या यंत्रापुढे मात्र स्त्री क्वचितच उभी राहिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीस मनाई केली. त्यामागे संरक्षणाचा हेतू होता. परंतु पाळ्यांनी चालणाऱ्या कारखान्यांतून स्त्रियांना दूर ठेवण्यास तेही एक निमित्त ठरले. किर्लोस्कर ब्रदर्सचा कोइमतूरजवळचा, केवळ स्त्रियांनी चालवलेला पंपांचा कारखाना उभा राहण्यास २०१० च्या सुमाराचा काळ यावा लागला. माळावर पहिली भट्टी पेटल्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

उमेदवारी आणि प्रमाणपत्र

मराठीत 'उमेदवारी' या शब्दाचा जुना अर्थ निवडणुकीशी संबंधित नाही. जाणत्याच्या हाताखाली, प्रथम विनावेतन किंवा अल्प वेतनावर, काम शिकणे म्हणजे उमेदवारी. किर्लोस्करांच्या पहिल्या पिढीतील माणसे अशीच तयार झाली. दुसऱ्या पिढीत चित्र बदलले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. नांगराबरोबर पंप, १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे तयार करणारी यंत्रे, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस तेल-इंजिने असा विस्तार होत गेला, तसतसे अंदाजावर चालणारे काम मोजमापावर येऊ लागले आणि पदवीधर अभियंता व कसबी कामगार असे दोन थर स्पष्ट झाले.

स्वातंत्र्यानंतर शासनाने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू करून ठिकठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था काढल्या, आणि १९६१ मध्ये उमेदवारीसाठी स्वतंत्र कायदा झाला. टर्नर, फिटर, मोल्डर ही नावे आता प्रमाणपत्रावर छापली जाऊ लागली. याचा लाभ मोठा होता. ज्या मुलाचा बाप, काका किंवा ओळखीचा कारखान्यात नव्हता त्यालाही दार ठोठावण्याचा हक्क मिळाला. मालकाची मर्जी हाच ज्याचा आधार होता त्याला कायद्याचा आधार आला. लक्ष्मणरावांसारखा माणूस पारखणारा मालक प्रत्येक कारखान्याला लाभत नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेचे महत्त्व कळते. त्याचबरोबर एक दार अरुंदही झाले. परीक्षेत मागे पडलेल्या फळणीकरांना आज कोणत्या अर्जावर कोणत्या रकान्यात आपले गुण लिहिता आले असते, हा प्रश्न उरतोच.

बेळगावचे ऋण

१९१० मध्ये बेळगावने एक कारखाना गमावला. पण लोखंडाशी असलेले या गावाचे नाते संपले नाही. गेल्या काही दशकांत उद्यमबाग आणि परिसरात ओतशाळा, लेथ आणि हायड्रॉलिक यंत्रांचे कारखाने दाटीने उभे राहिले आणि बेळगाव हे देशातील ओतकामाचे एक ओळखीचे केंद्र बनले. हत्तरगी येथे विमानांचे सुटे भागही तयार होऊ लागले. तेथे संगणकाच्या आज्ञेवर चालणारा लेथ सांभाळणारा तरुण जे काम करतो त्याला लक्ष्मणरावांच्या काळी नावही नव्हते. नकाशा वाचणे, माप राखणे आणि धातूचा स्वभाव ओळखणे हा त्या कामाचा गाभा मात्र तोच आहे. ते करणारा हात घरी मराठी बोलतो की कानडी, याची चौकशी लेथ करत नाही.

या इतिहासातली एक उणीव भरून काढण्याचे काम ग्रंथालयांकडे येते. कारखानदारांची चरित्रे मराठीत लिहिली गेली आणि ती आवडीने वाचली गेली. लक्ष्मणरावांची 'यांत्रिकाची यात्रा' शंकररावांनीच लिहिली. व्यवस्थापकांची, यांत्रिकांची, पहारेकऱ्यांचीही नावे त्यामुळे टिकली. वाळूची मूठ दाबून साच्याची लायकी सांगणाऱ्या मोल्डरचे, आकसणाऱ्या बिडाचा हिशेब लाकडात धरणाऱ्या पॅटर्नमेकरचे चरित्र शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. जुने मालाचे कॅटलॉग, हजेरीपट, उमेदवारीचे करारनामे, हस्तलिखित नकाशे आणि निवृत्त कामगारांच्या आठवणी अजूनही सीमाभागातल्या घरांच्या माळ्यावर पडून असण्याचा संभव आहे. ग्रंथालयाने आपल्या दुसऱ्या शतकात कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी एक कपाट या कागदांसाठी राखले, आणि सभासदांनी आपापल्या घरातला असा एखादा कागद रद्दीत जाण्यापूर्वी तेथे आणून दिला, तर किर्लोस्कर रोड या नावामागे उभ्या असलेल्या अनेक अनामिकांची नोंद तरी होईल.